खुलासा: "जड माल सरकत नाही, बांधायची गरज नाही" हा मेसेज चुकीचा आहे

रावेर-सावद्याकडच्या ग्रुपांवर फिरतंय की पिकअपमधे केळीचे भरलेले क्रेट असले तर दोरी नको, वजनानंच माल जागेवर बसतो, फक्त रिकामे क्रेट बांधा. भाऊ, हे खरं नाहीये.

वजन वाढलं की घर्षण वाढतं हे बरोबर, पण ब्रेक मारल्यावर तो माल थांबवायला लागणारा जोरपण तेवढ्याच पटीत वाढतो, म्हणून भरलेला काय नि रिकामा काय, दोन्ही सारख्याच ब्रेकला सरकतात. फळीवर दोन सारखे क्रेट ठेवा, एक भरलेला एक रिकामा, आणि फळी हळूहळू तिरपी करा, दोघं जवळपास एकाच उतारावर घसरतील.

प्लास्टिक नि पत्र्याचा घर्षणांक (म्हणजे वजनाच्या किती पट जोरानं पत्रा माल धरून ठेवतो तो आकडा) ०.३ धरला तर गाडीचा वेग दर सेकंदाला साधारण ३ मीटर प्रति सेकंदानं कमी होईपर्यंतच माल टिकतो. कोरड्या रोडवर जोरात ब्रेक दाबला तर गाडीचा वेग याच्या दुपटीनं कमी होतो! मग गाडी लवकर थांबते, पण माल तेवढ्या लवकर थांबत नाही आणि पुढं केबिनवर येतो, न्यूटननं १६८७ मधे मांडलेला जडत्वाचा नियम तो हाच. त्यात पत्रा ओला असला किंवा केळीचा चीक सांडलेला असला तर अजूनच वाईट.

दोरी घट्ट आवळली की माल खाली दाबला जातो, घर्षण वाढतं पण वस्तुमान वाढत नाही, फायदा इथंच आहे. कन्नड घाट उतरणाऱ्यांनी तर नक्कीच बांधा, मागचा फाळकाही लावा. तो मेसेज पुढे पाठवू नका प्लीज, आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा पाठवा.