‘पीपीएम एकदा लावा अन् विसरा’? असं नाही होत भाऊ

सध्या एक मेसेज फिरतोय, नाशिकच्या ग्रुपवर तर कोणी ना कोणी टाकतंच: "एसडीआर डोंगल घेतला की आकाशवाणी लावा, आवाज क्लिअर येईपर्यंत पीपीएम फिरवा, आकडा सेव्ह करा, रिसीव्हर कायमचा अचूक. टायमिंगचं सॉफ्टवेअर बघून घेतं." (एसडीआर डोंगल म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा छोटा यूएसबी रेडिओ रिसीव्हर, आणि पीपीएम म्हणजे त्याचं घड्याळ दहा लाखांत कितीने चुकतं तो आकडा.) नवीन पोरं हे वाचून बसतात आणि मग सॅटेलाइटचा फोटो का येत नाही म्हणून डोकं खाजवतात.

आधी आकाशवाणी. १०१.४ मेगाहर्ट्झवर डोंगल ५० पीपीएमने चुकला तरी फरक पडतो पाचेक किलोहर्ट्झचा, आणि एफएमचं चॅनल साधारण २०० किलोहर्ट्झ रुंद. डिमॉड्युलेट झाल्यावर, म्हणजे सिग्नलमधून आवाज वेगळा काढल्यावर, ती चूक नुसता डीसी ऑफसेट (न हलणारी स्थिर पातळी) होऊन जाते, कानाला काही कळतच नाही. आवाज क्लिअर म्हणजे स्टेशन लागलंय, बस. मोजायचंच असेल तर टूजीचा टॉवर पकडा, जीएसएमच्या मोठ्या बेस स्टेशनला ०.०५ पीपीएमच्या आत राहावं लागतं. (जिओचा शोधत बसू नका, त्यांचं टूजी नाहीच.)

‘कायमचा’ हे तर सोडूनच द्या. डोंगलच्या घड्याळाला ठोका देणारा साधा क्रिस्टल गरम झाला की सरकतो. डोंगल लावल्या लावल्या वॉटरफॉलमध्ये (वेळेनुसार फ्रिक्वेन्सी दाखवणारं चित्र) एखाद्या स्थिर कॅरियरची, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवरच्या सिग्नलची, रेघ बघा, तिरकी तिरकी जात राहते आणि डोंगल नीट तापला की मग कुठे सरळ होते. निफाडची डिसेंबरातली पहाट आणि मे महिन्यात पत्र्याखालची दुपार, दोन्हीला एकच आकडा कसा चालेल सांगा?

आता टायमिंग, खरा घोळ इथेच आहे. या डोंगलमध्ये २८.८ मेगाहर्ट्झचा एकच क्रिस्टल असतो, ट्यूनर पण त्याच्यावर आणि सॅम्पलिंग (सिग्नल सेकंदाला ठराविक वेळा मोजणं) पण त्याच्यावर, म्हणजे फ्रिक्वेन्सी ४० पीपीएमने चुकली की सॅम्पल रेट पण तेवढाच चुकला. ड्रायव्हरमध्ये पीपीएम टाकला तर दोन्ही दुरुस्त होतात, पण बरेच जण काय करतात, माउसने सिग्नल मधोमध ओढतात आणि म्हणतात झालं काम. त्याने फक्त फ्रिक्वेन्सी जागेवर येते, घड्याळ चुकलेलंच राहतं. मेटिऑर या रशियन हवामान सॅटेलाइटचं एलआरपीटी (फोटोचा डिजिटल सिग्नल) सेकंदाला ७२,००० सिम्बॉल, म्हणजे डेटाचे तुकडे, पाठवतं, ४० पीपीएमने दर सेकंदाला जवळजवळ तीन सिम्बॉल घसरणार.

"पण डीकोडरमधला कॉस्टास लूप लॉक होतो ना?" होतो, पण हा स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करत राहणारा लूप कॅरियरची फ्रिक्वेन्सी आणि फेज धरतो, सिम्बॉलच्या कुठल्या क्षणी सॅम्पल घ्यायचं हे त्याला माहीत नसतं. त्यासाठी गार्डनर किंवा म्युलर-म्युलरसारखा वेगळा टायमिंग लूप लागतो. डीकोडरमध्ये तो असतो, त्यामुळे ‘सॉफ्टवेअर बघून घेतं’ हे अर्धं खरं मानतो मी. पण त्या लूपलाही मर्यादा आहे, जास्त चूक पकडायची म्हणून बँडविड्थ वाढवली की नॉइज पण आत येतो, आणि सॅटेलाइट क्षितिजाजवळ असताना सिग्नल आधीच मरतुकडा असतो.

राहता राहिला टीसीएक्सओवाला (तापमानाची भरपाई करणाऱ्या क्रिस्टलचा) डोंगल. घ्या, पैसे वाया जाणार नाहीत, पीपीएमभराच्या आसपास राहतो. फक्त मेटिऑरच्या १३७ मेगाहर्ट्झवर डॉप्लरच (सॅटेलाइटच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकणं) येताना-जाताना तीनेक किलोहर्ट्झ हलवतो, वीसेक पीपीएम झाले ते, आणि तो क्रिस्टल बदलून जात नाही, तिथे ट्रॅकिंग नाहीतर लूपच लागणार.