व्हिडिओ नको, पिंप बघा

मालवणात डायव्हिंगला येणाऱ्या माणसाचे फोनवरचे प्रश्न ठरलेले असतात. कितीला? व्हिडिओ मिळणार ना? मासे दिसतील ना? सामान कशात धुता, हे मात्र कोणी विचारत नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की पाण्याखालची बरीचशी फजिती आदल्या संध्याकाळी, मागच्या अंगणातल्या पिंपापाशीच ठरलेली असते.

बोटीवर लोकांना सामान चढवून देणं हे माझं काम, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत होतं. पर्यटकांची फजिती तशी निरुपद्रवी. वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट, उलटा घालणं तर रोजचंच. कोल्हापूरचे एक काका पोट आत घेऊन चेन गळ्यापर्यंत ओढत होते आणि "साईज लहान दिलीस की रे" म्हणून वर मलाच झापत होते. शेवटी आमचा खलाशी म्हणाला, "काकानू, चेन फाटीक येता," म्हणजे पाठीवर. घामाने अंगाला चिकटलेला तो सूट उतरवायला आम्ही दोघं लागलो. काकी शांतपणे मोबाईलवर शूटिंग करत होत्या.

मिशीचंही तसंच. मास्कची सिलिकॉनची कड कातडीला टेकली तरच पाणी बाहेर राहतं, मध्ये केस आले की झिरपणारच. नाकाखाली जराशी कातरली तरी भागतं, पण पीळ दिलेल्या मिशीला कात्री लावा म्हणून कोण सांगणार? अशा वेळी वर बघून, मास्कची वरची कड दाबून, नाकाने फुंकून पाणी कसं काढायचं तेवढं मी पुन्हा पुन्हा घोटून घेतो. आणि थुंकी! काच धुकट होऊ नये म्हणून आत थुंकायचं, बोटाने फिरवायचं, विसळायचं. जगभर हेच करतात. एका नव्या नवऱ्याने मोठ्या प्रेमाने बायकोच्या मास्कमध्येही थुंकून दिलं. परत येईपर्यंत ती बोटीच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. तेव्हापासून मी लहान मुलांचा शाम्पू पाण्यात पातळ करून बाटलीत ठेवतो.

हे हसून सोडून द्यावं. जाणत्या लोकांची फजिती मात्र वेगळी.

पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं आणि सामान खोलीत लटकत राहतं. एका ओळखीच्या गाईडला हंगामाच्या पहिल्याच डाईव्हला रेग्युलेटरमधून, म्हणजे टाकीतली हवा तोंडात आणणाऱ्या नळीच्या यंत्रातून, तोंडात झुरळ आलं. बोटीवरच बटण दाबून हवा सोडायची, दोन श्वास घेऊन बघायचे, ही पद्धत उगाच नाही. त्याने ती त्या दिवशी टाळली होती. वर आल्यावर सगळे हसले, तोही हसला. पण पाण्याखाली ठसका लागला की काय होतं ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

आणखी एक, पुण्याचे. स्वतःचं महागडं सामान, मनगटावर कॉम्प्युटर, शंभर गोष्टी माहीत. आमचं भाड्याचं सामान बघून नाक मुरडलं. त्यांचं बीसीडी, म्हणजे हवा भरायचं जॅकेट, गेल्या वर्षी समुद्रातून निघालं ते थेट कपाटात गेलं असावं. डाव्या खांद्यावरून येणाऱ्या नळीवर हवा भरायचं बटण असतं. खारं पाणी सुकलं की त्याच्या फटीत मिठाचे खडे धरतात आणि दाबलेलं बटण परत वर येत नाही. तसंच झालं. खाली आठ-नऊ मीटरवर त्यांनी बटण दाबलं आणि हवा भरतच राहिली. अशा वेळी नळी खटकन सोडवायची, दुसऱ्या हाताने हवा सोडायची दोरी ओढायची. त्यांना काही सुचलं नाही, पाण्यात दाबून धरलेला नारळ सोडावा तसे ते वर आले. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथे घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. श्वास रोखला असता तर फुप्फुसं फाटण्याची भीती. नशीब, ते ओरडत आले, त्यामुळे हवा बाहेर जात राहिली. बोटीवर चढल्यावर म्हणाले, "करंट होता खाली," म्हणजे पाण्याला ओढ होती. आम्हीही "हो, होता थोडा" म्हटलं. मला आमच्या त्या "हो"चाच जास्त राग येतो. चारचौघांत लाज राखली, पण बटण तसंच राहिलं.

टाकीच्या नॉबचंही सांगतो. अर्धवट उघडा असेल तर वर श्वास नीट येतो, खोल गेल्यावर हवा पुरत नाही. म्हणून टाकीतल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजच्या काट्याकडे बघत चार श्वास घ्यायचे. काटा प्रत्येक श्वासाला खाली जाऊन वर आला तर नॉब पुरता उघडलेला नाही. मी हे प्रत्येक टाकीला करतो आणि "घाबरट" हे विशेषण रोज ऐकतो. ऐकू दे.

आता पिंप. मे महिन्यात पर्यटक सगळ्यात जास्त आणि विहिरीत गोडं पाणी सगळ्यात कमी. मग बऱ्याच ठिकाणी सकाळी भरलेलं एकच पिंप संध्याकाळपर्यंत चालतं. त्यात सूट, त्यातच मास्क, त्यातच तोंडात धरायचा रेग्युलेटर. दुपारपर्यंत ते पाणीच खारट. शिवाय वेटसूटमध्ये कोण काय करतं हे विचारू नये, पण करतात. म्हणून पिंपं दोन हवीत: एक सूटला, एक तोंडा-नाकाच्या वस्तूंना. रेग्युलेटरच्या टाकीला जोडायच्या टोकाची टोपी सुकी करून घट्ट लावायची, धुताना बटण दाबायचं नाही, नाहीतर पाणी आत जातं. वाळत घालायचं ते सावलीत, उन्हाने रबर लवकर मरतं.

माझा भागीदार म्हणतो, टँकरचे पैसे गिऱ्हाईक देतं का? देत नाही. व्हिडिओचे देतं. यावर आमची दर मे महिन्यात भांडणं होतात आणि दर मे महिन्यात टँकर येतो.

तुम्ही तारकर्लीला या, देवबागला या, नाहीतर थेट किल्ल्यापाशी उतरा. बुकिंगच्या आधी बोटी परतायच्या वेळेला मागच्या अंगणात एक चक्कर मारा. पाणी चाखून बघा म्हणणार होतो, पण वरचं सूटबद्दलचं वाचल्यावर कोणी चाखणार नाही. पिंपं मोजा.