बॅटरी टिडबॉलची, हुकूम कॅलेफचा

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन. अमेरिकन यादवी युद्धात १ जुलै १८६३ला गेटिसबर्गच्या पश्चिमेला उत्तरेच्या बफर्डच्या घोडदळाबरोबर लढलेली बॅटरी (तोफांची तुकडी) मी कॅलेफची म्हटली, पण खुद्द बफर्डच्या अहवालात ती ‘टिडबॉलची’ आहे. आणि यादवीचे अधिकृत दस्तऐवज १२८ ग्रंथांत छापलेले असताना हजेरीपट उपसायचा खटाटोप कशाला?

बफर्डचं तेच वाक्य पूर्ण वाचा. बॅटरी टिडबॉलची, पण हुकूम लेफ्टनंट कॅलेफचा, असं तिथेच आहे. कॅप्टन टिडबॉल तेव्हा घोडतोफखान्याची अख्खी ब्रिगेड सांभाळत होता. कॅप्टन दुसरीकडे गेला तरी बॅटरीला नाव त्याचंच चिकटून राहायचं. त्या ग्रंथांच्या सूचीत ‘टिडबॉल’ शोधून त्यालाच त्या सकाळी टेकडीवर उभं करणारे बरेच आहेत. म्हणून धरून ठेवायचं ते ‘दुसरी यूएस आर्टिलरी, बॅटरी ए’. अक्षर आणि रेजिमेंट दोन्ही, कारण नुसती ‘बॅटरी बी’ म्हणाल तर गेटिसबर्गला न्यूयॉर्क, ऱ्होड आयलंड, पेनसिल्व्हेनिया, न्यूजर्सी आणि चौथी यूएस अशा पाच तरी सापडतील.

दक्षिणेकडे गुंता वेगळा. दक्षिणेचा जनरल लाँगस्ट्रीट याच्या कोअरचा (अनेक डिव्हिजनच्या मोठ्या दळाचा) तोफखानाप्रमुख कागदोपत्री वॉल्टन, ३ जुलैचा भडिमार चालवला अलेक्झांडरने, आणि अलेक्झांडरची स्वतःची बटालियन त्या दिवशी ह्यूजरकडे. तिघांपैकी कुणाचं नाव घालायचं, हे तारीख आणि काम बघूनच ठरतं.

आता छापील ग्रंथांबद्दल. गेटिसबर्गसाठी पहिल्या मालिकेचा २७वा खंड, त्याचे तीन भाग: पहिल्यात उत्तरेचे अहवाल, दुसऱ्यात मुख्यतः दक्षिणेचे, तिसऱ्यात पत्रव्यवहार. सुरुवात तिथूनच करा. पण अहवाल हा वरिष्ठाने वाचावा म्हणून लिहिलेला असतो. हजर कोण होतं, हे हजेरीपट सांगतो. उत्तरेच्या सैन्यात तो दर दोन महिन्यांनी भरायचा, आणि ३० जून १८६३ हा नेमका हजेरीचा दिवस होता! हा पट वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ९४ क्रमांकाच्या गटात. तोफा कोणत्या आणि किती, याची तिमाही विवरणं तिथल्याच १५६ क्रमांकाच्या गटात; तीही ३० जूनचीच, पण काही बॅटऱ्यांची आलीच नाहीत, काहींची फार उशिरा आली. आणखी एक खोच: नियमित (म्हणजे कायम सैन्याच्या, ‘यूएस’) बॅटऱ्यांत माणसं कमी पडली की पायदळातून उसनी घेत. चौथ्या यूएसच्या बॅटरी बीमध्ये अशी बरीच होती. त्यांची नावं त्यांच्या मूळ रेजिमेंटच्या पटावर शोधावी लागतात.

तोफेचा प्रकार कळला की दारूगोळ्याचे आकडे ताडता येतात. तीन इंची रायफल तोफेच्या दारूगोळ्याच्या एका पेटीत ५० फेरे, दर तोफेला चार पेट्या, म्हणजे २००. ‘नेपोलियन’ नावाच्या तोफेच्या पेटीत ३२, म्हणजे १२८. कुणी नेपोलियनमागे दोनशे फेरे झाडल्याचं लिहिलं, तर मध्ये भर कुठून पडली ते शोधा.

तोफेच्या नळीच्या तोंडावर अनुक्रमांक, कारखाना, साल, वजन आणि तपासनिसाची आद्याक्षरं ठोकलेली असतात. बफर्डच्या पुतळ्याच्या पायथ्याशी असलेली २३३ क्रमांकाची नळी कॅलेफच्याच बॅटरीची. मैदानावरच्या बाकी तोफांवरून मात्र असा निष्कर्ष काढू नका. त्यांचे ओतीव लोखंडी गाडे तर युद्धानंतर कित्येक वर्षांनी बनलेले.

हुद्द्यांच्या बाबतीत १३ मार्च १८६५ ही तारीख दिसली की थांबा. मानद बढत्यांचा ढीगच्या ढीग मागाहून त्या तारखेवर टाकलेला आहे. नंतरच्या यादीतला ‘जनरल’ गेटिसबर्गला लेफ्टनंट असू शकतो.