मांडी घातलेल्या बुवांचं पेडल

पायाने दाबायचं यंत्र आहे ते. ज्याने कोणी बनवलं त्याच्या डोळ्यासमोर एक उभा माणूस असणार, गळ्यात गिटार, स्टँडवर माईक, पायात बूट, कडवं संपलं की बुटाच्या टोकाने टक, कोरस चालू, परत टक, कोरस बंद. आमच्या भजनी मंडळात उभं कोणीच नसतं. बुवा मांडी घालून, डावा हात पेटीच्या भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, आणि पाय धोतरात कुठे आहेत ते त्यांचं त्यांनाच माहीत. अशा माणसासाठी व्होकल मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसर, म्हणजे गाणाऱ्याच्या आवाजावर नाना करामती करणारं पेडल, घेतला तर बटण दाबणार कोण हा प्रश्न डोंबिवलीपासून कुडाळपर्यंत कोणालाच पडला नाही. उत्तर अर्थात मी. कारण मी कोरसमध्ये बुवांच्या बरोब्बर मागे बसतो आणि मला 'कॉम्प्युटरमधला कळता', म्हणजे मी लोकांचे सातबारे ऑनलाइन काढून देतो.

यंत्र आणलं बाळदादाने. बाळदादा म्हणजे अण्णांचा मुलगा, माझा चुलत भाऊ, डोंबिवलीला असतो, शनिवार-रविवार कराओकेवर गातो, आणि मे महिन्यात आंबे खायला येताना दरवर्षी एक अशी वस्तू आणतो जिची घराला गरज आहे हे फक्त त्याला समजलेलं असतं. अण्णा म्हणजे आमच्या मंडळाचे बुवा, डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, चाळीशीपासून बसतात, आता साठी उलटली तरी काळी एकच्या खाली उतरत नाहीत.

"ह्या काय हाडलंस?"

"बाबा, ह्येच्यातसून आवाज एकदम भारी येतलो."

"म्हणजे आता काय बेकार येता?"

पहिला दिवस इथेच संपला. बाळदादा आंबे खाऊन, पेटी भरून, मॅन्युअल माझ्या हातात देऊन गेला.

खरं सांगायचं तर वस्तू वाईट नाही, उलट थक्क व्हायला होतं. रिव्हर्ब म्हणजे आवाज घुमवणं, डिले म्हणजे तोच शब्द जरा उशिराने परत, आमच्या भाषेत इको, डबलिंग म्हणजे एकाच गळ्याचे दोन, मग हार्मनी, पिच करेक्शन, कॉम्प्रेसर, डी-एसर, नॉइज गेट, वर गायलेलं परत परत वाजवणारा लूपर, सगळं हातभर पत्र्याच्या खोक्यात. पूर्वी नुसत्या रिव्हर्बसाठी स्टुडिओवाले वेगळी घुमणारी खोली बांधायचे, मग १९५७ मध्ये ईएमटी या जर्मन कंपनीने स्टीलचा मोठा पत्रा फ्रेममध्ये टांगून त्याच्यातून आवाज घुमवायचं यंत्र काढलं, ईएमटी १४०, त्याचं वजन अडीचशे किलोच्या वर. ते जर बाळदादाने कोकणकन्येतून आणलं असतं तर निदान परत तरी न्यायला लावलं असतं. हे बारकं, त्यामुळे राहिलं.

आता हार्मनीचं ऐका, सगळ्यात जास्त डोकं त्याने खाल्लंय. तुम्ही एक सूर लावला की यंत्र त्याच्यावरचा तिसरा सूर स्वतःच गाऊन जोडतं, म्हणजे एका माणसाचे दोन-तीन माणसं. पण त्यासाठी त्याला आधी गाण्याची की, म्हणजे पट्टी, सांगावी लागते. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले काळी एक. ठीक आहे, काळी एक म्हणजे सी शार्प एवढं मला येतं, ते दाबलं. मग यंत्र विचारतं मेजर की मायनर, म्हणजे इंग्रजी संगीतातल्या दोन ठरलेल्या सुरावटींपैकी कुठली. अण्णांना विचारलं.

"भैरवी."

मेजर आणि मायनरच्या मधे भैरवीचं बटण शोधत मी मॅन्युअल उलटंसुलटं केलं, मग कंटाळून मेजर ठेवलं आणि म्हटलं बघूया. अण्णांनी कोमल रिषभ लावला, यंत्राने त्याच्या डोक्यावर स्वतःच्या मनाचा तिसराच सूर चढवला, पखवाजवाल्याचा हात हवेत राहिला आणि अण्णा पेटी थांबवून मागे वळले.

"माझ्या पाठसून कोण गाता रे?"

"मशीन, अण्णानू."

"तेका सांग, आधी ऐक म्हणान."

तो कोरस, जो अण्णांच्या मागे वीस वर्षं बसतो आणि अण्णा श्वास कुठे घेणार हे ज्याला आधी कळतं, तो जिवंत कोरस बाजूला बसून हे सगळं ऐकत होता आणि त्यांच्या तोंडावरचा आनंद लपत नव्हता. हार्मनी बंद करायला सांगणारे पहिले तेच.

मी मात्र हट्टाला पेटलो. रात्री पेटी घेऊन पट्ट्या मोजत बसलो तेव्हा कळलं की काळी एकच्या सा पासून भैरवी गायली तर तिचे सातही सूर हे पांढरी सहाच्या मेजरचेच सूर आहेत, फक्त सुरुवात दुसरीकडून. म्हणजे अण्णांनी काळी एक म्हटलं की यंत्राला सांगायचं पांढरी सहा, ए मेजर, आणि यंत्र बिचारं गुमान भैरवीत गातं. यमन असेल तर काळी चारचा मेजर. भूपाला तर काळी एकचाच मेजर चालतो. भैरव बसतच नाही, रे-ध कोमल आणि ग-नी शुद्ध हा हिशोब यंत्राच्या कुठल्याच मेजर-मायनरमध्ये नाही. असा एक तक्ता करून पेडलवर सेलोटेपने चिकटवला आणि दोन दिवस मला स्वतःबद्दल फार आदर वाटला. मग तालमीत अण्णा एकाच अभंगात भूपातून निघून दुसऱ्या कडव्याला यमनात गेले, तिसऱ्याला भैरवाला हात लावून परत आले, कारण डबलबारीत समोरच्या बुवाला दाखवायचं असतं ना. मी मागे तक्ता वाचतोय तोपर्यंत अण्णा घरी पोचलेले. एका पेडलात गिटार जोडायची सोय असते, गिटारवर काय वाजतंय ते ऐकून ते की स्वतः ओळखतं, हे बाळदादाने व्हिडीओ कॉलवर सांगितलं. "पेटयेची वायर लाव ना त्येका." पेटीची वायर. बरं.

पिच करेक्शनची गोष्ट छोटी आहे. बेसूर गायलात तर यंत्र तुम्हाला जवळच्या सुरावर ओढून नेतं. ऑटो-ट्यून १९९७ मध्ये बाजारात आलं आणि ते काढणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी जमिनीत लहरी सोडून खाली तेल आहे का ते शोधायच्या धंद्यात होते, तेच गणित त्यांनी गळ्याला लावलं. तेल शोधता शोधता सूर मिळाला. आमचा प्रॉब्लेम उलटा, अण्णा बेसूर होत नाहीत, मींड घेतात. सा पासून प पर्यंत गळा घरंगळत जायचा तर यंत्र मधल्या प्रत्येक पट्टीवर त्यांना पकडून उभं करतं, घसरगुंडीच्या जागी जिना बांधून ठेवतं. ते बटण मी टेप लावून कायमचं झाकलं.

आषाढात रेकॉर्डिंग करायचं ठरलं, दोन अभंग आणि एक गजर, ऑनलाइन टाकायला. जागा आमची मागची पडवी, तीन बाजूंनी गोधड्या टांगलेल्या, वर पत्रा. पाऊस पडला की पत्र्यावर ताशा वाजतो म्हणून उघाडीची वाट बघायची, उघाड मिळाली की बेडूक सुरू होतात. इथे कॉम्प्रेसर नावाचा प्राणी समजून घ्यावा लागतो. तो मोठा आवाज दाबतो आणि मग सगळंच वर उचलतो, त्यामुळे बारीक आवाज पण वर येतात. अण्णा गातायत तोपर्यंत अण्णाच ऐकू येतात, त्यांनी दोन ओळींमध्ये श्वास घेतला रे घेतला की अख्खा पाणंद भरून बेडूक पुढे येतात, एकदम स्पष्ट, प्रत्येकाचा वेगळा. म्हणून नॉइज गेट लावला. गेट म्हणजे ठरावीक पातळीच्या खाली आवाज गेला की दार बंद. बेडूक गेले, पण अण्णा ओळीच्या शेवटी आवाज हळूहळू बारीक करत 'विठ्ठला' म्हणायचे त्यातला 'ला' पण दारात अडकला, रेकॉर्डिंगमध्ये विठ्ठ, विठ्ठ, एवढंच. डी-एसर स-श ची शिट्टी कमी करतो, तो मी जरा जास्त फिरवला तर अण्णांच्या तोंडी 'श्रीहरी' असं ऐकू आलं की काकी आतून विचारायला आली, कवळी पडली काय म्हणून.

आणि इको. रेकॉर्ड करताना इको लावायचाच नसतो, कोरडा आवाज घ्यायचा, इफेक्ट फक्त गाणाऱ्याच्या हेडफोनमध्ये ठेवायचा आणि खरा मागाहून घालायचा, कारण मागाहून घालता येतो पण एकदा आत गेलेला बाहेर काढता येत नाही. हे सगळीकडे सांगतात आणि बरोबर आहे. पण कोरडं रेकॉर्डिंग अण्णांना ऐकवलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ह्यो माणूस आजारी आसा." इकोसकट ऐकवलं तेव्हा म्हणाले, "आता बरो झालो."

आमच्याकडे इको ही चैन नाहीच, हक्क आहे. चतुर्थीच्या बारीला मंडपात पोचलो तेव्हा साउंडवाल्याने खोकं बघून पहिलं वाक्य टाकलं, "आमच्या मिक्सरात इको आसा हां." म्हणजे पेडलचा एक, त्याच्या मिक्सरचा एक, आणि तिसरा फुकटचा, कारण त्याने एक भोंगा रस्त्यापलीकडच्या माडावर बांधला होता. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, भोंगा शंभरेक मीटर लांब, म्हणजे प्रत्येक शब्द पाव सेकंदापेक्षा जास्त उशिराने परत मंडपात. अण्णांनी "जय जय" म्हटलं, आम्ही सहा वेळा ऐकलं. मी पेडलचा इको शून्यावर नेला तर समोरून कोणीतरी ओरडलं, "इको वाढवा रे!" वाढवला. शब्द कळत नव्हते पण पब्लिक खूश.

पॉवरचं वेगळंच. जनरेटरवर जाताना बाळदादाचा अडॅप्टर ढप झाला, तर एक उत्साही पोरगा कोणाच्या तरी घरच्या वायफायच्या डब्याचा काढून घेऊन आला, पिन बसतेय म्हणाला. पिन बसते हो, पण याला लागतात ९ व्होल्ट आणि मधे निगेटिव्ह, आणि तो निघाला १२ व्होल्टचा, मधे पॉझिटिव्ह. मी तो हिसकावून घेतला, नाहीतर पेडलचंच विसर्जन. नशीब हे मॉडेल पेन्सिल सेलवर पण चालतं, समोरच्या टपरीवर मिळाले.

मग झांज. झांजवाला अण्णांच्या माईकपासून दीड हातावर, त्याने झांज मारली की गेट उघडणार, कॉम्प्रेसर धावणार, मॉनिटर, म्हणजे बुवांच्या तोंडासमोरचा स्पीकर, कूंऽऽ करून ओरडणार, साउंडवाला माझ्याकडे बघणार. गजरात तर लय चढत जाते, सुरुवातीला मिनिटाला १२० असेल तर डिले ५०० मिलिसेकंदाचा बसतो, पुढे लय दुप्पट झाली की तो २५० चा लागतो, त्यासाठी यंत्राला लय सांगणारं टॅप टेम्पोचं बटण लयीत दाबत राहायचं. पायाने दाबायचं बटण हाताने, पेटीच्या बाजूने हात घालून, वर तोंडाने कोरस पण द्यायचा. माझी बोटं दुसऱ्या दिवशी भात कालवायला तयार नव्हती.

गवळण सुरू झाली तेव्हा मी हात बाहेर काढून जरा बोटं मोडत होतो. अण्णा रंगात आले की डावा गुडघा पुढे सरकतो, नेहमीची सवय, कोणाला त्रास नव्हता. तो गुडघा सरकला आणि ज्या बटणावर बाळदादाने त्याच्या कराओकेसाठी कधीतरी बाईचा आवाज सेव्ह करून ठेवला होता त्याच्यावर टेकला. पुरुषाच्या आवाजाची पट्टी आणि ठेवण दोन्ही वर नेलं की बऱ्यापैकी बाई वाटते. भोंग्यातून गौळण कृष्णाला ओरडायला लागली, अण्णांचेच शब्द, अण्णांचेच ठसके, पण गळा विशीतला. मंडप एक क्षण गप्प आणि मग असली शिट्टी-टाळी की साउंडवाला उभा राहिला. मी बटणाकडे हात नेला, अण्णांनी गाता गाता कोपराने तो बाजूला ढकलला. पुढचं कडवं कृष्णाचं होतं, अण्णांनी गुडघा स्वतःहून सरकवला आणि आपल्या आवाजात उत्तर दिलं. परत गुडघा, परत गौळण. वीस मिनिटं दोघं भांडत होती.

समोरच्या बुवांनी त्यांच्या पाळीला टोमणा मारला, "आमच्या मित्रांका आज घराकडसून माणूस आणूक लागला," वगैरे, चालायचंच, पण आवाजात दम नव्हता.

कोजागिरीच्या सुपारीसाठी शेजारच्या गावच्या मंडळाचा फोन माझ्याकडेच आला. तारीख झाली, वेळ झाली, मानधन ठरलं, मग तो माणूस जरा घुटमळला.

"आणि ती गवळण म्हणणारी बाई येतली मा? तिचा मानधन येगळा आसतला काय?"

मी फोनवर हात ठेवून अण्णांना विचारलं. अण्णा पायाचा अंगठा पेटीखाली घालून काहीतरी चाचपत होते, मान वर न करता म्हणाले,

"येगळा म्हणान सांग."