पंपाची सवय लागते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

दम्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "पंपाची सवय लागते. माझे वडील आधी आठवड्यातून एकदा घ्यायचे, मग रोज, आता खिशात पंप नसेल तर घराबाहेर पडत नाहीत. त्यात स्टेरॉइड! आणि तुम्ही तोच घ्या म्हणून सांगताय. त्यापेक्षा श्वसनाचे व्यायाम का नाही सांगत?" प्रतिक्रिया झोंबली, पण तुम्ही ऐकीव गोष्ट सांगितली नाहीत, घरात पाहिलेली सांगितलीत. जे पाहिलंत ते खरंच आहे. अर्थ मात्र मी वेगळा लावतो.

आधी माझी चूक. लेखभर मी नुसतं 'पंप, पंप' लिहीत गेलो. पंप दोन जातींचे, आणि सगळा घोळ तिथेच होतो. एक धाप लागल्यावर घ्यायचा, सालब्युटामॉलचा, बहुतेकदा निळा. श्वासनलिकांचे आवळलेले स्नायू तो काही मिनिटांत सैल करतो आणि चार-सहा तासांत त्याचा अंमल उतरतो. दुसरा स्टेरॉइडचा. तो घेतल्यावर लगेच काहीच जाणवत नाही, म्हणून बिचारा कपाटात पडून राहतो. पण दम्याचं दुखणं नलिकांच्या आतल्या सुजेत असतं आणि ती उतरवतो तो हा दुसरा.

तुमच्या वर्णनावरून वडिलांच्या खिशात एकटा पहिलाच असावा. सूज तशीच राहिली, म्हणून तो जास्त जास्त लागू लागला. छप्पर गळतंय म्हणून बादल्या वाढवत गेलो, तर बादलीची सवय लागली असं कुणी म्हणत नाही. पण तुमच्या काळजीत तथ्य आहे. २०० फवाऱ्यांचे असे तीन किंवा जास्त पंप वर्षात संपत असतील, तर मोठ्या झटक्याचा धोका वाढलेला असतो. महिन्याला एक संपत असेल तर जिवाचा. 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा' या संस्थेने २०१९ पासून हेच सांगितलंय, की किशोरवयीन आणि मोठ्या रुग्णांना नुसत्या या पंपावर ठेवू नका.

आता स्टेरॉइड. मोठा झटका आला की प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागतात, मोठ्या माणसाला दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्या साऱ्या अंगात भिनतात. पंपातल्या ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडची कमी मात्रा दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी, तीही श्वासावाटे थेट छातीकडे. औषधं वेगळी असल्याने तुलना तंतोतंत नाही, तरी अंदाज येईल. दुष्परिणाम नाहीत असं मी म्हणणार नाही. आवाज बसतो, तोंडात बुरशी येते; त्यासाठी पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायची. मात्रा मोठी आणि वर्षानुवर्षं असेल तर हाडांचीही काळजी घ्यावी लागते. म्हणूनच दमा आटोक्यात राहिला की डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. आपल्या मनाने बंद करायची नसते, बरं वाटत असलं तरी.

व्यायामांशी माझं भांडण नाही, मीही करतो. त्रास थोडा कमी जाणवतो, सूज उतरत नाही. औषधासोबत करावेत, औषधाऐवजी नाही.

पंप जास्त लागण्यामागे आणखी एक शक्यता, माझ्याच अनुभवातली. मी कित्येक वर्षं पंप आधी दाबायचो आणि श्वास नंतर ओढायचो. औषध सगळं घशात! फवाऱ्याच्या पंपाला दाबणं आणि सावकाश, खोल श्वास घेणं एकदमच सुरू व्हावं लागतं, मग दहा सेकंद श्वास रोखायचा. जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावावा. पावडरच्या पंपाचं उलटं, तिथे जोरात ओढायचं. हे मला कुणी दाखवलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

तेव्हा वडिलांना दोन प्रश्न विचारा. गेल्या वर्षात किती पंप संपले? गेल्या चार आठवड्यांत दम्याने रात्री जाग आली का? उत्तरं आणि घरातले सगळे पंप घेऊन डॉक्टरांकडे जा आणि वडिलांना त्यांच्यासमोरच पंप घ्यायला सांगा. मधल्या काळात बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ निळसर दिसले किंवा निळ्या पंपानेही उतार पडेना, तर भेटीच्या वेळेची वाट पाहू नका, फवारे चालू ठेवून थेट रुग्णालय गाठा.

मूळ लेखात 'पंप' जिथे जिथे आलाय, तिथे कोणता ते आज रात्री दुरुस्त करतो.