लिफ्टने बॉडी वर जाते, ॲक्सल नाही

गेल्या आठवड्यात रात्री पावणेबाराला ताईचा फोन. अशा वेळी फोन वाजला की आधी नको ते मनात येतं. उचलला तर म्हणाली, "तुझ्या भाच्याला जरा समजाव रे. कुठलातरी मेसेज वाचून गाडी उंच करायची म्हणतोय. टायरवाल्याला दोन हजार ॲडव्हान्ससुद्धा देऊन आलाय." गाडी म्हणजे त्याने दिवाळीत घेतलेली २००३ची जिप्सी किंग, एमएच-०४. ताईच्या घरात सध्या देवाच्या खालोखाल या गाडीचाच मान.

मेसेज मागवून घेतला. तो माझ्याकडे आधीच तीन ग्रुपवर येऊन पडला होता, मी न वाचता पुढे सरकलो होतो. 'जुनी जिप्सी किंवा जीप आहे? रणगाडा करून टाका!' असं शीर्षक, सात मुद्दे, प्रत्येकापुढे आगीचं चित्र आणि तळाला 'गॅरेजवाले हे कधीच सांगणार नाहीत'. तीन इंच लिफ्ट (गाडी उंच करणं) म्हणजे तीन इंच ग्राउंड क्लिअरन्स (गाडीखालची मोकळी जागा). पैसे नसतील तर पाटा (पट्ट्यांची स्प्रिंग) आणि ॲक्सल (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा दांडा) यांच्या मध्ये लोखंडी ब्लॉक टाका. २३५/७५ आर१५चे मड टायर घाला. मोठ्या टायरने मायलेज वाढतं. पावसाळ्यात मड टायरसारखी पकड नाही. भंगार बाजारातले न वापरलेले जुने टायर नव्यासारखेच असतात. आणि ऑफ-रोडची गाडी म्हटलं की आरटीओ काही बोलत नाही. अठरा वर्षं जिप्सी चालवतोय, आणि त्यात बराच मूर्खपणाही करून झालाय. म्हणून हे लिहितोय.

पहिल्या मुद्द्यासाठी मेकॅनिक लागत नाही, शिंप्याकडचा टेप पुरतो. रविवारी सकाळी भाच्याला उपवन तलावापाशी बोलावलं. माझा एक मित्र त्याची जिप्सी घेऊन आला. त्याच्या गाडीला दोन इंच उंच कमानीचे पाटे आहेत, टायर मात्र कंपनीच्या मापाचे, २०५/७० आर१५. दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या. मित्राची बोनेट चांगली वर दिसत होती. मग भाच्याला वर्तमानपत्र पसरून गाडीखाली झोपवलं आणि सांगितलं, मागच्या ॲक्सलवर डिफ्रन्शिअलचा (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा असतो, त्याचा तळ जमिनीपासून किती आहे ते मोज. आधी आपली, मग त्याची. दोन्हीकडे एकच आकडा. चहा पिणारे दोन काका टेप धरायला पुढे आले, त्यांनी पुन्हा मोजलं. तरी तेच.

याचं कारण असं की लिफ्ट बसते पाट्यात, म्हणजे ॲक्सल आणि चॅसीच्या मध्ये. चॅसी वर जाते, बॉडी वर जाते, तुम्ही वर जाता. ॲक्सल चाकाच्या मधोमध असतो आणि चाक जमिनीवर उभं असतं, त्यामुळे टायर मोठा केल्याशिवाय तो वर सरकत नाही. टायर मोठा केला तरी किती? २०५/७०चा व्यास ६६८ मिलिमीटर, २३५/७५चा साधारण ७३३. फरक ६५चा, त्याचा निम्मा ॲक्सलखाली मिळणार, म्हणजे जेमतेम सव्वा इंच. दगडावर आपटतो तो हाच गोळा. मेसेजमधल्या तीन इंचांचे सव्वा झाले, तेही लिफ्टचे नव्हेत, टायरचे.

अर्धं खरं आहे तेही सांगतो. लिफ्टने गाडीचं पोट वर जातं, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारा गिअरचा डबा) उंचवट्यावर टेकत नाही, पुढचा बंपर चढाला लवकर लागत नाही आणि मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा होते. चिखलातल्या चाकोऱ्यांतून जाणाऱ्याला याचा उपयोग आहे. पण भाच्याची गाडी वीस वर्षांहून जुनी, पाटे बसलेले. मूळ उंचीच कुठेतरी हरवलीय. आधी कमानवाल्याकडे जाऊन पाटे सोडवायचे, मोडलेलं पान बदलायचं, कमान मारून घ्यायची, बुश नवे टाकायचे. एवढ्यानेच गाडी बोटभर तरी उठते आणि तिला लिफ्ट म्हणायचीही गरज पडत नाही.

आता ब्लॉक. हा मुद्दा वाचून मी मोठ्याने हसलो, आणि मग लक्षात आलं की भाचा तुर्भ्याच्या एका लेथवाल्याकडे ब्लॉकचा भावही विचारून आलाय. ब्लॉकने उंची वाढते ती पाटा ॲक्सलच्या वर बसवलेल्या गाड्यांची, बहुतेक पिकअपच्या मागच्या बाजूसारखी. जिप्सीत पाटा ॲक्सलच्या खाली असतो, पुढेही आणि मागेही. विश्वास नसेल तर खाली वाकून बघा: यू-बोल्ट ॲक्सलवरून खाली येतात आणि पाट्याखालच्या पट्टीत नट लागतात. पाटा चॅसीला टांगलेला, ॲक्सल त्या पाट्यावर बसलेला. त्यांच्यामध्ये तीन इंचांचा ब्लॉक घातला तर पाटा तीन इंच खाली ढकलला जाणार आणि त्याच्याबरोबर चॅसीही. म्हणजे पैसे खर्च करून गाडी तीन इंच बुटकी. ज्याने हा मेसेज लिहिला त्याने जिप्सीखाली कधी डोकं घातलेलं नाही, हे एवढ्यावरूनच कळतं. आणि पाटा वर असलेल्या गाडीतही पुढच्या ॲक्सलला ब्लॉक घालू नये. ब्रेक लावला की ॲक्सल पीळ खातो, ब्लॉकमुळे त्याला जास्त पल्ला मिळतो, आणि स्टीअरिंगच्या चाकाखाली तसला ठोकळा सरकला तर काय होईल ते सांगायला नको.

मग जिप्सीवाले करतात काय? काही जण पाटाच ॲक्सलच्या वर घेतात. गाडी चार-पाच इंच उठते, पण स्टीअरिंगचे रॉड, प्रोपेलर शाफ्ट, सगळं नव्याने बसवावं लागतं. स्वस्तातला उपाय म्हणजे लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी कडी), आणि तो मी केला होता. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असतो, त्यामुळे दोन इंच लांब केला तर गाडी एकच इंच उठते. वर ॲक्सल थोडा फिरतो, कॅस्टर (पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा कल) बिघडतो. वळणानंतर स्टीअरिंग आपणहून सरळ यायचं बंद झालं आणि ऐंशीच्या वेगाला गाडी पोहल्यासारखी चालायला लागली. तेही मी सहन केलं असतं. पण बसवणाऱ्याने ब्रेकचे होज (ऑइलच्या रबरी नळ्या) जुनेच ठेवले होते. मुरबाडच्या पुढे एका ओढ्यात उतरताना डावं पुढचं चाक हवेत लोंबलं, होज ताणला गेला आणि टोकाशी फाटला. मला काही कळलंच नाही. पलीकडच्या उतारावर पाय ठेवला तर पेडल रिकामं खाली गेलं. मागचे ब्रेक तेवढे शाबूत होते, पहिला गिअर आणि हँडब्रेक यांच्या आधाराने गाडी एका आंब्याच्या बुंध्याला टेकवून थांबवली. खाली उतरलो तर रिमच्या आतून ब्रेक ऑइल टपटपत होतं. लिफ्ट कितीची ते सगळे विचारतात, होज बदलले का हे मला आजवर एकानेही विचारलेलं नाही.

मायलेजवर फार वेळ घालवत नाही. टायर दहा टक्के मोठा झाला की एका फेरीत गाडी जास्त जाते हे खरं, पण गिअरही तेवढेच जड होतात. १.३ लिटरचं, ८० अश्वशक्तीचं इंजिन गायमुखच्या चढाला चौथ्यात धापा टाकायला लागतं, तुम्ही तिसऱ्यात येता, आणि वाचलेलं पेट्रोल तिथेच जातं. वर स्पीडोमीटर खोटं बोलतो. काटा ८० दाखवेल तेव्हा तुम्ही ८८वर असाल, आणि कॅमेरा काही तुमचा काटा बघत नाही.

पावसातली पकड? मड टायरच्या मोठ्या खाचा चिखल झटकून टाकण्यासाठी असतात. भाताच्या खाचरात त्याला तोड नाही, हे मान्य. पण ओल्या डांबरावर आणि पेव्हर ब्लॉकवर रबर टेकतंच कमी. भाचा आठवड्यातले सहा दिवस माजिवडा ते ऐरोली जातो, त्याला ऑल-टेरेन (रस्ता आणि चिखल दोन्हीला चालणारे मधले टायर) पुरे.

टायरवाल्याचा ॲडव्हान्स मात्र मला खटकला. भाच्याला म्हटलं, फोटो पाठव, नक्षीचा नको, बाजूच्या भिंतीचा. 'डॉट' या अक्षरांपासून सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्याच्या फोटोत होतं ३१११, म्हणजे २०११चा एकतिसावा आठवडा. वर रबराचे केससुद्धा शाबूत, अगदी कोरा. फोटो मोठा करून बघितला तर खाचांच्या तळाशी केसाएवढ्या बारीक भेगा. रबर चालवलं नाही तरी हवेने आणि उन्हाने कडक होतच राहतं. असा टायर शीळफाट्याच्या उन्हात, माणसं भरून, तासभर पळवायचा? 'कोरा' म्हणजे 'नवा' नव्हे एवढं त्या मेसेजवाल्याला कळू नये?

शेवटचा मुद्दा आरटीओचा. 'काही बोलत नाही' याचा अर्थ 'चालतं' असा घेणारे बरेच आहेत, मीही होतो. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ काढून वाचा: नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम उचलून धरलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ नव्या रूपात आलं: परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यात ऑफ-रोडवाल्यांना सूट असल्याची ओळ मला कुठे सापडली नाही. आणि जुनी गाडी आहे म्हणून तर जास्तच जपायला हवं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, म्हणजे गाडी घेऊन पासिंगला उभं राहणं आलंच. अपघात झाला तर विमावाले काय काय विचारतील तो वेगळाच विषय. इथे माझंही तोंड फार उघडत नाही. शॅकल मी कधीच काढून टाकले, पण टायर २१५/७५ आहेत, कंपनीच्या मापाचे नाहीत. पुढच्या पासिंगआधी २०५/७०वर येणार आहे.

भाच्याने हे सगळं ऐकून विचारलं, "मग मामा, करू काय?" मूळ मापाचे, पण ऑल-टेरेन नक्षीचे, याच वर्षी बनलेले चार टायर, पाटे-बुश, चारही ब्रेकचं काम आणि नवे होज. उरले पैसे तर एक चांगला ओढायचा पट्टा. तो जरा हिरमुसला, रणगाड्याऐवजी कमानवाल्याचं बिल हातात येणार म्हणून. टायरवाला ॲडव्हान्स परत देत नाही म्हणतोय. शनिवारी मीही सोबत जातोय, तो ३१११चा टायर त्याच्या समोर ठेवून वाचायला लावतो.