फुल फ्रेम घेतला की वाघ लहान होतो

मागच्या आठवड्यात भाचा चिमूरला माझ्या दुकानात आला. कोलारा गेटाजवळच्या गावात राहतो, ताडोब्यात जिप्सी चालवतो, आणि पर्यटकांना वाघ दाखवता दाखवता स्वतःही बरे फोटो काढतो. खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग होती, हातात एक लहान डबी. डबीत माझ्या बहिणीचा गोफ.

"मामाजी, सोसायटीत गहाण ठेवून रायलो. बॉडी बदलाची हाये."

बॉडी म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा. काऊन, विचारलं तर त्याने मोबाइल पुढे केला. ड्रायव्हर-गाईडांच्या ग्रुपवर फिरणारा लांबलचक संदेश. मला तो तोवर तीन ठिकाणांहून आला होता आणि तिन्ही वेळा मी न वाचता पुढे सरकलो होतो. बहिणीच्या गोफापर्यंत पोचेल असं वाटलं नव्हतं. 'वाइल्डलाइफवाल्यांना शेवटची सूचना' असं वर ठळक. खाली सांगितलंय ते थोडक्यात असं: डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, मेला, त्याच्या लेन्स लवकरच भंगारात जातील. २४ मेगापिक्सेलचा का होईना, पण फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा (चित्र टिपणाऱ्या पट्टीचा), मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा घ्या, त्यात वाघ जास्त मोठा, जास्त स्वच्छ येतो. डीएसएलआरच्या खटक्याने वाघ बिथरतो, म्हणून वनखातं त्यावर बंदी आणणार आहे. लाख क्लिक झाले की बॉडी संपते. म्हणून आजच लेन्ससकट सगळं विका. आणि शेवटच्या ओळीत, अर्थातच, एका दुकानाची एक्स्चेंज ऑफर. ती ओळ सगळ्यात वर असती तर मला एवढं लिहावं लागलं नसतं.

भाच्याकडे निकॉनचा डी७२०० आहे, २०१५ सालचा, आणि त्यावर २००-५०० मिलिमीटरची, दूरचं जवळ आणणारी लेन्स. दोन्ही त्याने सेकंडहँड घेतलेले. त्या दुकानाने बॉडीचे आणि लेन्सचे मिळून जे पैसे देऊ केले होते, ते ऐकून मी दुकानदाराच्या नावाने जे बोललो ते इथे लिहीत नाही.

आधी त्या सगळ्यात मोठ्या थापेचं बघू, 'फुल फ्रेममध्ये वाघ मोठा येतो'. हे लिहिणाऱ्याने एकतर कॅमेरा हातात धरलेला नाही, नाहीतर धरलाय आणि जाणूनबुजून लिहितोय. मी लग्नाचे फोटो काढतो. माझ्याकडे स्वतःचा निकॉनचाच झेड ६ टू आहे, फुल फ्रेम, साडेचोवीस मेगापिक्सेल, मिररलेस. मंडपात, हळदीच्या पिवळ्या बल्बाखाली त्याच्यासारखं काम डी७२०० करू शकत नाही, हे मी कुणालाही सांगेन. पण मांडवातली नवरी पाच पावलांवर असते आणि मला पाहिजे तेवढं पुढे सरकता येतं. वाघाच्या बाबतीत जिप्सी रस्ता सोडू शकत नाही. तो जिथे बसलाय तिथे बसलाय, आणि लेन्स ५०० ला संपते.

आता कंपनीच्याच मॅन्युअलमधला चित्रांच्या आकाराचा तक्ता उघडा. एवढं एक पान पुरे, बाकी कुणा तज्ज्ञाला विचारायची गरज नाही. डी७२००चा पूर्ण फोटो ६००० गुणिले ४००० पिक्सेलचा. झेड ६ टूचा पूर्ण फोटो ६०४८ गुणिले ४०२४. दिसायला सारखेच. पण डी७२००चा सेन्सर लहान आहे, आणि तेवढाच तुकडा झेड ६ टूच्या मोठ्या सेन्सरवर कापला तर त्याच तक्त्यात त्याचा आकार दिलाय: ३९३६ गुणिले २६२४. म्हणजे जेमतेम १० मेगापिक्सेल. एकच लेन्स, एकच जागा, एकच वाघ. जुन्या बॉडीत त्याला २४ मेगापिक्सेलची चौकट, नव्यात १०ची. गोफ गहाण ठेवून हे आणायचं.

भाच्याचा विश्वास बसेना. मग त्याची लेन्स माझ्या बॉडीवर अडॅप्टरने, म्हणजे जोडणीच्या कडीने, लावली आणि दुकानामागच्या वावरात बांधलेला बैल धरला, शंभरेक पावलांवरून. मग तीच लेन्स त्याच्या बॉडीवर लावून तोच बैल. संगणकावर मोजला. डी७२००मध्ये बैल थुंतरापासून शेपटीपर्यंत सुमारे ३००० पिक्सेल लांब, माझ्या महागाच्या बॉडीत २०००च्या आत. भाचा बराच वेळ काही बोलला नाही.

'पण फुल फ्रेमला उजेड जास्त मिळतो, नॉइज कमी येतो.' नॉइज म्हणजे कमी उजेडातल्या फोटोत दिसणारे दाणे. हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच जास्त फसवतं. पूर्ण चौकटीत नवरी भरली असेल तर हो, साधारण एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाचा फायदा, ६४०० आयएसओचा (आयएसओ वाढवला की दाणे वाढतात) फोटो ३२००सारखा दिसतो. पण लेन्स तीच, तिच्या छिद्राचा आकडा एफ/५.६ तोच आणि अंतर तेच असेल, तर वाघाचं चित्र दोन्ही सेन्सरवर मिलिमीटरने मोजून सारखंच पडतं. त्याच्यावर पडणारा उजेडही तेवढाच. मोठ्या सेन्सरला जो जास्तीचा उजेड मिळतो तो आजूबाजूच्या बांबूवर आणि सागाच्या पानांवर पडलेला असतो, आणि तेच तुम्ही नंतर कापून टाकता. त्या मोठ्या सेन्सरचा खरा उपयोग करायचा तर लेन्सही तितकीच लांब पाहिजे. ६०० मिलिमीटर एफ/४ लेन्सची किंमत एकदा बघा. तेवढ्यात ट्रॅक्टर येतो.

आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो, सकाळी नऊनंतर रस्त्यावरून वाफा उठतात, पुढच्या जिप्सीची धूळ अजून खाली बसलेली नसते. त्या हवेतून दूरचा वाघ कुठल्याही बॉडीत पाण्यात पडल्यासारखाच दिसतो. यावर इलाज एकच, पहाटे गेट उघडताना पहिल्या गाड्यांत असणं. ते तर भाच्याच्या हातात आहे, फोटोवाल्या पर्यटकांच्या नाही.

शटरच्या आवाजाचं वाचून तर मला हसावं की रडावं कळेना. ज्या वाघासमोर पंधरा जिप्सी चालू-बंद होतात, गिअर खरखरतात, मागच्या सीटवरचं पोरगं 'टायगर, टायगर' ओरडतं, तो वाघ माझ्या भाच्याच्या खट्टकन आवाजाने बिथरतो म्हणे! ताडोब्यात बंदी आली ती मोबाइलवर. ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्सीवाल्यांनी वाघीण आणि तिच्या पाच पिल्लांना दोन्हीकडून घेरलं, त्याची उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक-गाईडांवर कारवाई झाली. त्यात कुणाच्या कॅमेऱ्याचं शटर वाजलं हा प्रश्नच नव्हता. गाड्या कुठे उभ्या केल्या हा होता. हा संदेश ज्या ग्रुपवर फिरतोय त्याच ग्रुपवरच्या लोकांना हे मी सांगायला पाहिजे का?

बिनआवाजाचं शटर चांगलं आहे, नाही म्हणत नाही. कीर्तनात मी तेच लावतो. पण माझ्या बॉडीवर ते लावून उडत्या नीलपंखाचा फोटो काढला तर पंख वाकडे येतात, कारण सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो आणि तोवर पक्षी हललेला असतो.

डीएसएलआर 'मेला' हेही बघू. नवीन मॉडेल येत नाहीत, हे खरं. निकॉनचे डी७८० आणि डी६ २०२०चे, त्यानंतर नवीन डीएसएलआर नाही. कॅननच्या प्रमुखांनीही २०२१च्या शेवटी १डीएक्स मार्क ३ हाच आमचा शेवटचा मोठा डीएसएलआर असं सांगून टाकलं. पण नवीन निघायचं थांबलं म्हणून घरातलं चालायचं थांबत नाही. माझी लूना विचारा. आणि लेन्स भंगारात जाणार हे तर धडधडीत खोटं. भाच्याची २००-५०० निकॉनचा एफटीझेड अडॅप्टर लावून नव्या बॉडीवर ऑटोफोकससकट चालते, बैलाच्या वेळी चाललीच. ज्यांच्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, जुन्या डी प्रकारच्या, त्यांचा ऑटोफोकस मात्र जातो. उद्या कधी बॉडी घेतलीच तरी लेन्स विकायचं कारण नाही. विकायला सांगणाऱ्याला ती स्वस्तात हवी आहे, बस.

लाख क्लिकचं काय, तर डी७२००चं शटर कंपनीने दीड लाखांवर तपासलंय. तो चाचणीचा आकडा आहे, बंद पडायची तारीख नाही, आणि शटर बदलून मिळतं. बॅटरीबद्दल संदेशात अवाक्षर नाही: डी७२०० एका चार्जवर कागदोपत्री १११० फोटो, माझी नवी ४००च्या आसपास. रात्रभर लाइट नसलेल्या गावात सकाळच्या सफारीला हा फरक कळतो.

आता भाच्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. त्याची तक्रार खोटी नाही. उडता पक्षी धरताना डी७२००चा फोकस चुकतो, कळ दाबून धरली की बफर, म्हणजे फोटो कार्डावर जाईपर्यंत थांबायची जागा, भरून कॅमेऱ्याला धाप लागते. नव्या बॉड्या डोळा स्वतः शोधतात, ते मोठं सुख आहे. फक्त संदेशातला '२४ मेगापिक्सेलचा का होईना' हा सल्ला धरून माझ्यासारखी बॉडी घेतली, तर तिच्या मॅन्युअलमध्ये प्राणी म्हणजे कुत्रा आणि मांजर एवढंच लिहिलंय. वाघ मांजराच्या कुळातला म्हणून चालून जातो कधी कधी. धनेश चालत नाही. त्याला बदलायचंच असेल तर त्याच कंपनीचा जुना डी५०० बघावा, २०१६चा, लहान सेन्सरचा, सेकंदाला १० फोटो, लेन्स तीच थेट बसते. तोही गोफ न मोडता, सीझनच्या बक्षिशीतून.

तोवर तांदळाची उशी करून जिप्सीच्या कठड्यावर ठेव म्हटलं, शटर १/८०० सेकंदापेक्षा हळू जाऊ देऊ नको, आणि नॉइजचं काम घरी सॉफ्टवेअरवर सोड.

डबी त्याने बॅगेत टाकली. निघताना दारात थांबला.

"मामाजी, दुकानवाल्याचा फोन येऊन रायला. त्याले काय सांगू?"

"सांग, बैल लहान दिसते."